सूर्य समोर, नजर चटईवर

मेद्देब, बसा हो, उठू नका. पोरांची शाळा सुटलीय, कुराणाच्या पाट्या भिंतीला लागल्यात, आता कुराणाच्या मास्तरांना काय घाई? एक गोष्ट सांगतो. आमच्या अत्ताया गावचीच आहे आणि अजून पुरी घडायचीय. यातलं एक अक्षर खोटं निघालं तर पुढच्या मोसमात माझ्या सापळ्यात नुसतं शेवाळ येऊ दे.

आमचा शेख सासी तुम्हांला ठाऊक आहे. आमच्या मशिदीचा इमाम. गावासाठी तो शेख, माझ्यासाठी सासी. आम्ही दोघं एका होडीतून समुद्रात पडलो आणि एकाच माणसाचा मार खाल्ला, त्याच्या बापाचा. तोही इमाम होता. पुढं मी समुद्राकडं गेलो, हा उपदेशाच्या मिंबरावर चढला. चांगला माणूस, पण हेकट. आम्ही करकेना बेटावाले सगळेच हेकट, तुम्ही स्फाक्स शहरवाले तसं म्हणताच.

तर पुढच्या उन्हाळ्यात ऑगस्ट लागला की सूर्य झाकणार. पुरा. सकाळी दहाच्या सुमाराला डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. टीव्हीवर बातमी आली त्या दिवशी सासी माझ्या अंगणात बसला होता. मी जाळं सांधत होतो. त्यानं जाळ्याचं दुसरं टोक धरलं. मग म्हणला, "लारबी, आतापर्यंत मी तीन ग्रहणांची नमाज पढवली."

म्हटलं, "बरं मग?"

"एकही ग्रहण बघितलं नाही. तिन्ही वेळेला चटई बघितली."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणला, "ती अर्धीमुर्धी होती, गेली तर गेली. हे असलं परत आपल्या हयातीत येत नाही. एकदा बघायचंय रे. त्यानं सूर्य विझवलेला एकदा डोळ्यांनी बघायचाय."

साठ वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. तेही त्यानं मागितलं नव्हतंच, नुसतं सांगितलं. पण मी मनात धरलं.

इकडं गावात वाद पेटलेला. बघायचं कुठून? हत्ताबला तुम्ही ओळखत नाही, पश्चिमेच्या किनाऱ्यावर कॅफे आहे त्याचा. तो म्हणे, "सावली स्फाक्सकडून येणार, पाण्यावरून धावत. ती बघायची तर माझ्या कॅफेसमोरूनच."

म्हटलं, "आणि बसून बघायची तर तुझ्याच खुर्च्यांवर, होय ना?"

"उभ्यानं बघ की! तुला कोण बस म्हणतंय? तू बसलास की माझी खुर्ची मोडते."

कुणी म्हणे होड्या काढू, कुणी म्हणे गच्चीवर जाऊ. म्हातारे म्हणाले, ग्रहण लागलं की जागा मशिदीत, बाकी सगळी थेरं. मग मी उठलो. म्हटलं, नमाजही होईल आणि ग्रहणही दिसेल अशी जागा मला ठाऊक आहे. पूर्वेची वाळू.

कशी ठाऊक, तर ऐका. उन्हाळ्यात आम्ही समुद्राला विश्रांती देतो. मासे अडवायला खजुराच्या झावळ्या रोवून केलेली आमची कुंपणं तेव्हा काढलेली असतात. मग मी काय करतो, तर सकाळी मशिदीच्या बाजूच्या भिंतीला टेकून जाळी सांधतो. सावली असते तिथं. पण दहा वाजायला आले की सावली पळते. दोन्ही बाजूंच्या भिंतींना ऊन चाटत जातं, कुठंच सावली नाही, आणि मग मला बूड उचलून पलीकडच्या भिंतीला जावं लागतं. मशीद किब्ल्याच्या रेषेत बांधलेली. म्हणजे ऑगस्टात त्या वेळेला सूर्य बरोब्बर किब्ल्यावर उभा असतो. मक्केकडं तोंड केलं की सूर्य समोर! पूर्वेच्या वाळूवर तर मध्ये भिंतही नाही. पुढं नुसता समुद्र.

लोक खूश झाले. हत्ताबसुद्धा म्हणला, "जाळी सांधताना तुझं डोकंही चालतं वाटतं." मी सासीकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून आनंद झाला की त्याचे कान लाल होतात.

यंदा त्याच तारखेला, त्याच वेळेला आम्ही जागा बघायला गेलो. वर्षभर आधी, पण सूर्य त्या तारखेला तिथंच येतो ना. अर्धं गाव आलं होतं. बायका लांब बसल्या, माझी मबरूका भाकरी आणि तिखट हरीसा घेऊन आलेली, जणू सहलच. सासीनं वाळूवर चटई टाकली, किब्ल्याकडं तोंड करून उभा राहिला. सूर्य समोर, जरा उंचावर, पण अगदी नाकासमोर. लोक "अल्लाहु अकबर!" म्हणाले. मलाही वाटलं, लारबी, मोठं काम केलंस.

मग सासीनं हात बांधले, कसं दिसतं ते बघायला. आणि त्याची नजर खाली गेली. आपोआप. चटईवर, जिथं कपाळ टेकायचं तिथं.

तिथंच घात झाला, मेद्देब. नमाजीनं वर बघायचं नसतं, हे मला काय आजच कळलं? चाळीस वर्षं त्याच्या मागं उभा राहतोय! आख्ख्या गावाच्या एकाही टाळक्यात ते आलं नव्हतं. आम्ही सूर्य त्याच्या पुढ्यात आणून ठेवला, आणि हा बघणार चौथ्यांदा चटई.

लोक भाकरी खायला बसले. मी त्याच्यापाशी गेलो. तो चटई गुंडाळत होता. म्हणला, "जागा छान आहे रे. लोकांना आवडली." मला दुसरं काही बोलू दिलं नाही.

पण मीही काही कमी हेकट नाही. दुसऱ्या दिवशी मबरूकाची कुसकुसची परात उचलली, पाणी भरलं, सासीच्या अंगणात नेली. मबरूका मागून ओरडत आली, "अहो, माझ्या परातीत कुठं सूर्य उतरवताय? रात्री जेवायचं कशात?" मी सासीला म्हटलं, "बघ. ही चटईच्या पुढं ठेवायची. तू खालीच बघ. सूर्य पाण्यात दिसेल. पाप नाही, काही नाही."

तो परातीकडं बघत राहिला. मग असा भडकला की कोंबड्या उडाल्या. "नमाज कुणाची करू? मबरूकाच्या परातीची? आधीच सूर्य किब्ल्यावर, लोक म्हणतील अत्तायावाले सूर्याला नमस्कार करतात. आता वर परात! घेऊन जा ती!"

मबरूका म्हणली, "शेख, तुम्हीच सांगा यांना. माझं तर ऐकत नाहीत." आणि परात घेऊन गेली.

मी म्हटलं, "बरं, मग नमाज लवकर उरक. सूर्य कडेनं कुरतडायला लागल्यापासून पुरा झाकेपर्यंत तासाच्या वर वेळ आहे. अंधार पडायच्या आत सलाम फिरव आणि मग मनसोक्त बघ."

तो शांत झाला. हे जास्त वाईट. म्हणला, "लारबी, ग्रहणाच्या नमाजेत मी नेहमी कुराणातली मोठी सूरा घेतो. बापानं तसंच शिकवलं. लोकांचे पाय भरून येतात तरी मी सोडत नाही. आणि या वेळेला, सगळ्यांत मोठ्या ग्रहणाला, मला बघायचंय म्हणून छोटी घेऊ?"

"लोकांना काय कळतंय? उलट दुवा देतील."

"मला कळतंय ना."

मी म्हटलं, "मग दुसऱ्या कुणाला पुढं उभा कर."

"कुणाला? हत्ताबला? तो फातिहा पढतानाही गिऱ्हाईक आलं का बघतो."

मी हसलो, तोही हसला. मग बोलता बोलता म्हणला, "माझ्यापेक्षा चांगलं पढणारा कुणी आला तर गोष्ट वेगळी. मान त्याचाच. तुझ्या भावाच्या मयतीनंतर स्फाक्सहून ते मेद्देब आले होते, आठवतं? तो गळा ऐकल्यापासून मला माझा आवाज गंजक्या रहाटासारखा वाटतो. तसा माणूस पुढं असेल तर मी मागं उभा राहीन, आणि खुशीनं राहीन."

तुमच्याबद्दल बोलला, मेद्देब. तोंडावर स्तुती करत नाही, त्यानं म्हटलं तेच सांगतो.

मी अगदी भोळा चेहरा केला. विचारलं, "समजा तसा माणूस आला आणि त्यानं सूरा लहान घेतली तर? तू मागं उभा राहून तुझी मोठी पढणार काय?"

म्हणला, "वेडा आहेस का? मागच्यानं इमामाच्या मागं जायचं. तो वाकला की वाकायचं, त्यानं सलाम फिरवला की संपलं. मागच्याला तिथं काय अधिकार?"

"असं होय," म्हटलं, आणि विषय समुद्राकडं वळवला. ऑक्टोपसचं काय, यंदा वारा कसा, असलं काहीतरी. त्याला काही कळलं नाही. इमाम झाला तरी सासी कपट ओळखायला शिकला नाही. आज सकाळी पहिल्या फेरीबोटीनं मी इकडं आलो. मबरूकाला सांगितलं, दात दाखवायला चाललोय.

तर आता मेद्देब, तुमच्यापाशी बोलतो. तुम्हांला आमंत्रण तोच देईल, रीतसर, ते मी घडवून आणतो. तुम्ही नाही म्हणू नका. आदल्या दिवशीच या, ग्रहणाच्या सकाळी फेरीबोटीत मुंगीसुद्धा शिरणार नाही. माझ्या घरी उतरा. सासी तुम्हांला सांगेल, सावकाश पढा, मोठी सूरा घ्या, आमच्या लोकांना सवय आहे. तुम्ही मान हलवा. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, हे मी तुम्हांला शिकवायला नको.

मग वाळूवर पुढं उभे राहा. नमाजेची रीत मोडू नका, दोनदा वाकायचं तर दोनदाच वाका, सगळं नीट करा. फक्त सूर्य पुरा झाकायच्या आत सलाम फिरवा. उपदेश नंतर करा, उजेड परत आल्यावर. तुम्ही लोकांकडं तोंड करून बोलायला लागलात तर सूर्य तुमच्या पाठीमागं जाईल, आणि सासी तुमच्या मानापायी तुमच्याच तोंडाकडं बघत बसेल. त्याला मी ओळखतो. त्या चार-पाच मिनिटांत त्याला कसलंही काम राहू देऊ नका. नमाज नाही, उपदेश नाही, कुणाला उत्तर नाही. मी शेजारीच बसलेला असेन. त्यानं खाली बघितलं तर हनुवटी धरून वर करीन.

उजेड आल्यावर हवं तर तासभर दुवा मागा, लोकांचे पाय भरून येऊ द्या, मी पहिल्या रांगेत बसतो. माझ्या वाट्याचं सगळं लांबवा. पण त्या आधी, तुमचं डोकं चुंबतो मेद्देब, सूरा छोटी घ्या.