डब्यातलं ॲसिड

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मन लावून वाचली, ती म्हणजे बाळाच्या दुधाच्या डब्यावरचं लेबल. तीही नको त्या वेळी.

सूनबाईला दूध कमी येत होतं. ठकीचं, म्हणजे आमच्या नातीचं, वजन काही केल्या वाढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर पाजत राहा, पण जोडीला डब्याचंही सुरू करा. सूनबाई डबा घेऊन घरात आली ती चोरी करून आल्यासारखी. तिने पाणी उकळून ठेवलं, बाटली उकळून ठेवली. ठकीने भोकाड पसरलं होतंच. नेमकं तेव्हा ह्यांना भिंग सापडलं.

"आवश्यक फॅटी ॲसिड," ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि डबा हातभर लांब धरला. "अगं, ह्यात ॲसिड आहे!"

ह्यांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या पँटींना ठिगळं लावतेय, कारण ॲसिडचा थेंब उडाला की कापडाची चाळण होते. तेव्हा ह्यांची भीती मला कळते. पण म्हणून डबा बगलेत मारून दारात उभं राहायचं?

"बाबा, ते तसलं ॲसिड नाही," सूनबाई म्हणाली. "तेलातुपात असतं ना, ते."

"मग तेल लिहायचं! तेल म्हणायला लाज वाटते का त्यांना?"

हे मला एकदम पटलं. पण ह्यांचं बरोबर आहे असं तोंडावर सांगायची आपल्यात पद्धत नाही.

"त्यानेच बाळाचा मेंदू घडतो, बाबा."

"ॲसिडने? मेंदू?"

"तुमच्याही मेंदूत आहे ते," मी म्हणाले. "तरीच एवढं आंबट बोलता."

ठकी रडून रडून लालबुंद झाली होती. सूनबाईने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, पण पोटाला थोपटणं कुठे पुरतं?

"माझ्या दुधातही असतं ते, बाबा. पण माझं दूधच पुरत नाही." इथे तिचा आवाज फाटला. "आणि हे शरीराला आपलं आपण बनवता येत नाही. बाहेरूनच मिळावं लागतं. आवश्यक म्हणजे तेच. मी आई म्हणून नापास, असं म्हणा हवं तर. पण डबा द्या."

हे थबकले.

"आपलं आपण बनत नाही?"

"नाही."

"म्हणजे वरून घालायचं."

"हो, बाबा."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" ह्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "बॅटरीतलं पाणी आटतं. बॅटरी काय विहीर आहे? वरून घालावंच लागतं. म्हणून ती नापास होते का? उलट जी जास्त राबते तिचंच आधी आटतं. बावळट कुठली."

सुनेचं इतकं वाईट कौतुक मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. ती रडता रडता हसली आणि बाहीला नाक पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही मला बॅटरी म्हणालात?"

"चांगल्या कंपनीची," हे घाईघाईने म्हणाले.

"आता हात धुऊन या," सूनबाई म्हणाली. "साबणाने. कोपरापर्यंत."

ह्या घरात ह्यांना असा हुकूम कोणी सोडला नव्हता. मी सोडला असता तर दोन दिवस अबोला झाला असता. हे मात्र निमूटपणे गेले. तोवर सूनबाईने पाणी मोजलं, पूड चमच्यावर सपाट केली, बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. हे ओले हात वर धरून परतले, तेव्हा तिने पंचा दिला, खुर्ची दाखवली आणि ठकीला ह्यांच्या मांडीवर ठेवून बाटली हातात दिली.

ठकीने आधी तोंड वेंगाडलं. मग जी सुरुवात केली, ती घटाघट, नाकाने फुसफुसत, आजोबांचा अंगठा मुठीत आवळून.

सूनबाई भिंतीला टेकून बघत राहिली. माझेही डोळे भरले होते, म्हणून मी उगाच ओटा पुसायला घेतला.

हे नातीच्या कानाशी वाकले. "हळू गं बाई, हळू. सगळा मेंदू आजच करायचाय का?"