भागूचा डावा कान

बाहत्तर सालच्या चैत्रातली सकाळ. ऊसतोडीवरून पाथर्डीकडच्या आपल्या गावी परतून साळूबाईला चारच दिवस झाले होते. तिनं नऊ वर्षांच्या भागूची वेणी घातली, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून दिला आणि तिला शाळेत धाडलं.

त्या गावात एक रीत होती. मुलाचं नाव शाळेत घालताना बापानं गुरुजींच्या हाती निरगुडीचा ओला फोक द्यायचा. भागूचा बाप आसाराम यानंही दिला होता. "हाडं आमची, कातडं तुमचं," असं तो हसत म्हणाला होता.

सहा महिने भागू कारखान्याच्या तळावर तान्ही बहीण सांभाळत होती. त्या दिवशी रंगनाथ गुरुजींनी तिला सतराचा पाढा विचारला. सतरा चोकला ती अडली. गुरुजी दुष्ट नव्हते. पण मारल्यावाचून विद्या येत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. दोन फोक तळहातावर बसले. तिसऱ्याला भागूनं हात ओढून मान फिरवली. फोक कानावर बसला.

"आवं, पोरीच्या कानातून रगत आलंय," साळूबाई घाबरून म्हणाली.

"गुरुजी काय तिचा दुस्मन हाय व्हय? हळद लाव, व्हईल बरं," आसाराम म्हणाला.

कान वाहू लागला. ताप आला, उतरला. पंधरा दिवसांनी साळूबाईनं डाव्या बाजूनं तीनदा हाक मारली. शेजारी बसलेल्या भागूनं वरही पाहिलं नाही.

नगरच्या डॉक्टरांनी कान तपासला. "या कानानं आता ऐकू येणार नाही. इतके दिवस काय करत होता?"

परतताना एस.टी.त भागूनं विचारलं, "आये, पाढा पाठ केला तर कान बरा व्हईल का गं?"

आसारामनं तोंडावर पटका ओढला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चावडीवर पालकांना जमवलं. गुरुजीही आले. सरपंच आबासाहेब समजावू लागले, "आसाराम, आपून बी मार खाऊनच शानं झालो. गुरुजीला कशापायी दोस देतो?"

"दोस माजा हाय, आबासाहेब. हात गुरुजींचा व्हता, पर परवानगी म्या दिल्ती. आज ती माघारी घेतो. भागू साळंत येनार, आन् तिला कुनी मारायचं न्हाई. ज्याला पटतं त्यानं हुबं ऱ्हावं."

तीस-पस्तीस बाप होते. तिघे उठले. बाकीचे जमिनीकडे पाहत राहिले.

गुरुजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी खरंच न कळून विचारलं, "मग मी शिकवू कसं?"

बाप्यांच्या सभेत बायका बोलत नसत. दाराशी उभी असलेली साळूबाई पदर सावरून आत आली.

"तिला म्होरं बसवा, गुरुजी," ती म्हणाली. "आन् उजव्या अंगानं बोला. तिला ऐकू येतं."