न सापडलेली ओळ

काकूंना मरणाची भीती नव्हती. वय झालं होतं, डॉक्टरांनी हृदयाबद्दल काय ते सांगून ठेवलं होतं, आणि काकूंनीही गिऱ्हाइकाने कोटाची तारीख सांगावी तसं ते शांतपणे ऐकून घेतलं होतं. भीती एकाच गोष्टीची होती. वर गेल्यावर तिथे आपला मुलगा नसला तर?

बाकी त्यांचं छान चाललं होतं. लेक जवळ राहत होती आणि औषधांच्या दुकानातल्या नोकरीवरून आली की दिवसभराच्या गमती सांगायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन होतं, भिंतीला खुंट्यांवर लोकांचे अर्धवट कपडे, आणि टेबलावर ती मोठी कात्री, जिने कागद कापणाऱ्याची काकू गय करत नसत. बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, पण सुयांत दोरे लेक सकाळीच ओवून ठेवायची आणि पुढचं काकूंची बोटं बघून घ्यायची. अर्ध्या गावाच्या पँटींची उंची त्यांना तोंडपाठ होती.

मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात देखणा, स्वभाव त्याहून देखणा. पण मधूनमधून त्याच्या मनाला असा काही आजार घेरायचा की तो आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. औषधं झाली, प्रार्थना झाल्या, बरे दिवसही आले. आणि मग एका वसंतात त्याने स्वतःचा जीव घेतला.

चर्चच्या कबरस्थानात बापाशेजारी त्याला जागा मिळाली नाही. पंचांनी नको म्हटलं आणि गावाबाहेरच्या सरकारी दफनभूमीत त्याला पुरलं. त्या पंचांत काकूंचा सख्खा दीरही होता. सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात तो म्हणाला होता, "वहिनी, शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. अशाला क्षमा नाही."

दीर म्हणजे धाकटे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा हा हाफपँट घालून वरातीत मिठाई चोरत होता, म्हणून काकूंच्या लेखी तो कायमचा धाकट्याच राहिला. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, वजनमापं तपासणारे अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले होते, पण काकू भर चर्चमध्ये 'धाकट्या' म्हणून हाक मारत आणि धाकट्यांचे कान लाल होत. नोकरीत असताना त्यांनी स्वतःच्या मेहुण्याचा तराजू जप्त केला होता. त्यांनी 'लिहिलंय' म्हटलं की लिहिलेलंच असणार, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. काकूंनाही नव्हती. कुठे लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. तेव्हा डोळे चांगले होते, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उशाशी असायचं, पण न जाणो ती ओळ पुढ्यात यायची, म्हणून त्यांनी रोजचं वाचन सोडलं. स्तोत्रं तेवढी पाठ होती, त्यांच्यावर इतकी वर्षं भागवलं.

चर्चचे नवे पाळक आले ते झग्याची किनार उसवली म्हणून. तरुण होते, आणि इतके मऊ की दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागतील. किनार शिवता शिवता काकूंनी मान वर न करता मुलाचं विचारून टाकलं. पाळकांनी उत्तर टाळलं नाही. जीव देवाचा आहे, म्हणाले, तो आपण होऊन टाकायचा नाही, हे ख्रिस्ती मंडळीने नेहमीच सांगितलंय आणि मीही सांगेन. एखादा तसा विचार करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, हेही सांगेन. पण तसं गेलेल्याला देवाच्या दयेत जागा नाही, अशी ओळ शास्त्रात नाही. आजारी मनाचं ओझं किती होतं ते देवाला ठाऊक, निवाडा त्याच्यावर सोडावा.

काकूंनी झगा घडी करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. विश्वास मात्र ठेवला नाही. रात्री जेवताना लेकीला म्हणाल्या, "माणूस फार चांगला आहे गं. एवढा चांगला माणूस म्हातारीला खरं सांगणारच नाही."

लेकीने मोबाईलवर अख्खं शास्त्र ऐकायची सोय करून दिली. त्यातला माणूस मोठ्या गोड आवाजात वाचायचा, काकू वंशावळीपाशी हटकून डुलकी काढायच्या, आणि जाग आली की मधल्या वेळात ती ओळ येऊन गेली की काय या धास्तीने पुन्हा मागे जायच्या. असे त्या एकाच वंशावळीत पंधरवडाभर अडकून पडल्या. शेवटी त्यांना असा वाचणारा हवा होता, जो दया म्हणून काही गाळणार नाही आणि डोळा लागला तर ढोसून उठवेल. असा माणूस गावात एकच होता.

धाकटे शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला आले तेव्हा काकूंनी त्यांच्यापुढे जाडजूड शास्त्र ठेवलं. "तू म्हणाला होतास लिहिलंय. मला ते ऐकायचंय. पहिल्या पानापासून वाच आणि आलं की थांब."

धाकटे गडबडले. एवढं सगळं कशाला, मी शोधून आणतो, म्हणाले. काकूंनी कॉलर परत त्यांच्या हातात दिली. कॉलर फाटकी होती आणि दुसरा शिंपी गावात नव्हता. धाकट्यांनी चष्मा लावला.

दुपारी चार वाजता वाचन, मग चहा, असं सुरू झालं. धाकट्यांनी सुरुवात केली ती छापखान्याच्या पत्त्यापासून. काकू म्हणाल्या, अरे किंमतही वाच हवी तर, आणि त्यांनी खरंच वाचली. कामाची माणसं वाचतात तसं ते वाचायचे, बोट ओळीखाली, आवाजात चढउतार नाही, तंबूच्या पडद्यांची मापं आली की चेहरा खुलायचा. हत्या करू नको ही आज्ञा आली तिथे ते थांबले. काकूंचा हात काजावरच राहिला.

"हीच का?"

धाकट्यांनी ओळ दोनदा तपासली. "ही आज्ञा आहे. ती मोडली तर क्षमा नाही, असं इथे म्हटलेलं नाही. आणि एका मिसरी माणसाला मारलेला मोशेच सगळ्यांना घेऊन चाललाय की." मग खाकरून म्हणाले, "ती ओळ पुढे असेल."

शमशोन आला. शत्रूंबरोबर छप्पर अंगावर पाडून त्याने मरण मागून घेतलं आणि त्याच्या भावांनी त्याला उचलून बापाच्या कबरीत नेऊन पुरलं. शौल राजा आला, आपल्याच तलवारीवर पडलेला, आणि त्याच्यासाठी रात्रभर चालत जाऊन देह घेऊन येणारी माणसं. त्यांना कुणी रागावलं का, काकूंनी विचारलं. धाकट्यांनी पान उलटून पाहिलं. नाही, म्हणाले, उलट दावीद राजाने त्यांना आशीर्वाद पाठवलाय.

मग दाविदाचा सल्लागार अहीथोफेल. घरी गेला, घराची नीट व्यवस्था लावली आणि त्याने जीव दिला. धाकट्यांनी पुढचे शब्द वाचले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. त्याला त्याच्या बापाच्या कबरीत पुरलं, असं तिथे होतं.

काकूंनी मान वर करून पाहिलं. बापाशेजारी जागा नाही म्हणणारा समोरच बसला होता. धाकटे त्या दिवशी चहा न घेताच गेले. काकूंना वाटलं आता हा काही परत यायचा नाही, कॉलर गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी चारला ते हजर होते.

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून आता पुरे, माझा जीव घे असं म्हणाला, तेव्हा काकूंनी कपडा बाजूला ठेवला. आता देव ह्याला काय बोलतो ते त्यांना ऐकायचं होतं. देव काहीच बोलला नाही. त्याला झोपू दिलं, दूताकरवी उठवून भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खायला दिलं. वाट तुला झेपणारी नाही, खा, एवढंच.

"मी पण तेच करत होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांना त्यात बरं वाटत होतं. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि त्या ताट ठेवून केसांवरून हात फिरवायच्या. आपण काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं, हे त्यांना इतकी वर्षं खात होतं. धाकट्यांनी खिशातला रुमाल काढून पुढे केला. तो नीट इस्त्री केलेला होता.

महिने गेले. पाळकांना या वाचनाचा सुगावा लागला होता, पण ते शहाणे, त्यात पडले नाहीत. येशूच्या गोष्टी सुरू झाल्या तशी ती ओळ सापडणार अशी धाकट्यांची खात्री वाढली. आता यहूदा येणार होता, गुरूला धरून देणारा आणि मग आपला जीव घेणारा. तो जन्मला नसता तर बरं झालं असतं, हे शब्द आले तेव्हा काकूंनी सुई खाली ठेवली. हीच ती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"थांबा वहिनी," धाकटे म्हणाले. ते पाठीमागची पानं आणि पुढची पानं तपासत होते. "हे येशूने यहूदा मरायच्या आधी म्हटलंय. धरून देण्याबद्दल आहे. मरण्याबद्दल नाही." ज्यात त्यांची सरशी झाली असती तो पुरावा त्यांनी स्वतःच बाद केला. काकूंना तेव्हा या माणसाचा फार अभिमान वाटला.

पुढे तुरुंगाचा पहारेकरी आला. कैदी पळाले असं समजून तो तलवार उपसून स्वतःला मारायला निघालेला, आणि अंधारातून कैदेतला पौल मोठ्याने ओरडतो, स्वतःला काही करून घेऊ नको, आम्ही सगळे इथेच आहोत. काकूंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. त्यांच्या मुलाच्या वेळीही सगळे इथेच होते. लेक शेजारच्या खोलीत होती. धाकटे पलीकडच्या गल्लीत. पण अंधार असा होता की त्याला कुणी दिसलं नसावं, असं काकूंच्या मनात आलं आणि त्याच्यावरचा जो थोडा राग उरला होता तोही गेला.

मग पौलाची पत्रं. देवाच्या प्रेमापासून आपल्याला काहीच तोडू शकत नाही, आणि त्याची यादी. यादीत सगळ्यांत आधी मरण.

"मरण म्हणजे कसलं मरण?" काकूंनी विचारलं.

धाकटे बराच वेळ त्या ओळीवर वाकून राहिले. "मरण, एवढंच आहे," ते म्हणाले. "अपवाद दिलेला नाही."

शेवटचं पुस्तक संपलं तेव्हा बाहेर उजेड होता आणि खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलींचा आवाज येत होता. धाकट्यांनी मागचे नकाशेही वाचले, नद्यांच्या नावांसकट. पुठ्ठा मिटला आणि हात त्यावर ठेवून बसले.

"नाही, वहिनी. कुठेही नाही."

"नक्की? डुलकी लागली असेल मला."

"लागली तेव्हा मी थांबत होतो."

काकूंनी लांब श्वास घेतला. मुलगा कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दार लावून घेतलंय असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि दार उघडणाऱ्याबद्दल मात्र पानंच्या पानं लिहिलेली त्यांनी आत्ताच ऐकली होती. एवढं त्यांना पुष्कळ होतं. मग त्यांनी जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "मग त्या दिवशी तू कुठलं सांगितलंस?"

धाकट्यांनी चष्मा काढायचा प्रयत्न केला, तो कानाला अडकला. "वाचलं नव्हतं. लहानपणापासून ऐकत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला..." ते थांबले. "मला रडू येत होतं, वहिनी. माझ्या मांडीवर वाढलेला पोरगा तो. काहीतरी कडक बोललो नसतो तर मी सगळ्यांपुढे रडलो असतो."

काकूंना भयंकर राग आला. एवढ्या वर्षांची उडालेली झोप, सोडलेलं वाचन, गावाबाहेरची ती कबर. टेबलावर कात्री होती, ती त्यांनी खबरदारी म्हणून लांब सरकवली. मग समोरच्या म्हाताऱ्याचा हुंदका ऐकला आणि राग कुठे गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"रडायचं होतंस की, मेल्या," त्या म्हणाल्या. "मी एकटीच रडत होते."

धाकटे मग पोटभर रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला, लेकीने आतून डोकावलं तर तिला खुणेनेच परत पाठवलं. बऱ्याच वेळाने धाकटे म्हणाले की रविवारी उपासना झाली की ते उभे राहून सांगतील, आपण म्हटलं होतं तसं शास्त्रात नाही. आणि मोठ्या भावाच्या कबरीच्या दगडावर पोराचं नाव कोरायची पंचांकडे परवानगी मागतील.

"सांग," काकू म्हणाल्या. "पण मोठ्याने सांग. तेव्हा मोठ्याने सांगितलं होतंस."

धाकट्यांनी मान डोलावली आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.