थंड उकळणारं पाणी

मारुतीच्या पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. खैरवाडी तशी लहान, पण त्या दिवशी पुणतांब्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून बैलगाड्या भरभरून माणसं आली होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या कंबरेला खोचून तशाच आल्या होत्या. पारावर मृगाजिन अंथरून कैलासगिरी महाराज बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यातल्या काशाच्या वाडग्यात पाणी उकळत होतं.

खाली चूल नव्हती, निखारा नव्हता. महाराज एका लाकडी दांड्यानं वाडग्याचा काठ हळूहळू घोटत होते. वाडग्यातून भुंग्यासारखा घुमणारा आवाज निघत होता आणि पाणी काठाशी थडथडा उडत होतं. सरपंच गहिनीनाथ पाटलांनी भीतभीत बोट बुडवून पाहिलं.

"गार हाय!" ते ओरडले. "आरं, बर्फावानी गार हाय!"

गर्दीतून "बम भोले" उठलं. बायकांनी पदर पसरले.

"देखो, माईलोक," महाराज म्हणाले, "ये मानसरोवर का पानी. यात ताप नाही, तप आहे! बारा साल कैलासाच्या पायथ्याला बसलो. माझे गुरू तिबेटी लामा, तीनशे वर्षांचे. अन्न नाही, चहा नाही. सकाळी एक ओंकार, संध्याकाळी एक ओंकार."

मागच्या आठवड्यात पुणतांब्याच्या घाटावर हेच गुरू दोनशे वर्षांचे होते. पण अध्यात्मात वय असं झपाट्यानं वाढतं, त्याला कोण काय करणार!

गर्दीच्या कडेला कडुलिंबाखाली भागिरथी साळवे उभी होती. गावच्या शाळेतली ती एकुलती एक बाई. सकाळपासून मुलांना सुकडी वाटून, हजेरी घेऊन तिचे पाय दुखत होते. नोकरीच्या इतक्या वर्षांत तिनं अंगात येणारे पाहिले, लिंबातून भस्म काढणारे पाहिले, गुप्तधनासाठी रांजण उकरणारेही पाहिले. दर वेळी ती बोलली, दर वेळी लोकांनी मान डोलावली, आणि दर वेळी पुढचा बाबा आला. 'आता घरी जावं, चहा करून प्यावा आणि पडावं,' एवढंच तिच्या मनात होतं.

वाडगा तिनं ओळखला होता. तसले वाडगे तिनं दोन वर्षांपूर्वी मनालीच्या बाजारात ढिगानं पाहिले होते. तिचा भाऊ रंगनाथ सरहद्दीच्या रस्त्याच्या कामावर ड्रायव्हर होता. त्यानं तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत मनालीला बोलावून घेतलं आणि ट्रकात बसवून रोहतांग घाटापलीकडं लाहूलमध्ये नेलं होतं. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. बुद्धाचा धर्म जिथं हजार वर्षं नांदतो ती जागा डोळ्यांनी बघायची, ही तिची तेव्हापासूनची हौस. तिनं केलाँगच्या वरचे मठ पाहिले. दिवसभर दरीच्या कडेकडेनं चालून त्रिलोकनाथाचं देऊळ गाठलं. तिथं एकाच मूर्तीला कुणी शिव म्हणत होतं, कुणी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, आणि दोघं एकाच समईत तेल ओतत होते. तिथल्या एका मठात लामाकडून भूतबाधेचे ताईत बांधून घेणारी माणसंही दिसली, तेव्हा ती खट्टू झाली होती. तीनशे वर्षांचं मात्र तिथं कुणी भेटलं नाही. भेटल्या त्या पाठीला पोर बांधून रस्त्यावर खडी फोडणाऱ्या तिबेटी बायका. त्या खोकत होत्या, हसत होत्या आणि चहात लोणी आणि मीठ घालून पीत होत्या.

ती वळून चालू लागली, तोच पारावरून हाक आली.

"छबू, मच्छिंद्राची बायको! पुढं ये."

भागिरथी थांबली. छबू तिची विद्यार्थिनी. इथं मामाकडं राहून सातवी झाली, लग्न झालं आणि ती याच गावात चांगुणाबाईंची सून म्हणून राहिली. दोन मुलं पोटातच गेली होती. सासू तिला मनाला येईल तसं कधी बरं वागवी, कधी वाईट.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि संक्रांतीच्या आतच गावच्या आडाचा तळ दिसू लागला होता. गावात कुणाच्या तरी पायगुणानं पाणी आटलं, आणि तो पायगुण वाडगा दाखवील, असं महाराजांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ज्याच्या हातून वाडगा गाईल तो निर्मळ. गहिनीनाथ पाटलांच्या हातून तो थोडा गायला. पाटलीणबाईंच्या हातून जरा जास्त गायला. आता छबूची पाळी होती.

महाराजांनी दांडा कपाळाला लावला, त्याला तुपाचा अभिषेक केला आणि तिच्या हातात दिला. छबूनं तो काठावर फिरवला. आवाज नाही. पुन्हा फिरवला. दांडा सुळसुळ घसरला, वाडगा मुका.

महाराजांनी डोळे मिटले. "हिच्या हाताला पाण्याचा शाप आहे. ही गावात आहे तोवर आडाला झरा फुटणार नाही."

सगळे नुसते छबूपासून दोन पावलं मागं सरले.

भागिरथी संध्याकाळी चांगुणाबाईंच्या दारात गेली. छबू उंबऱ्याशी बसली होती, शेजारी गाठोडं. मच्छिंद्र बैलाला उगाचच थोपटत होता.

"उद्या सकाळी महाराज अखेरचं इचारनार हायेत वाडग्याला," चांगुणाबाई म्हणाल्या. "मग हिला अकोल्याला म्हायेरी घालवायची. गाव म्हनतंय, बाई. मी काय करू?"

"आणि चांगुणाबाई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला इचारतं कोन?" चांगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरगी वाईट न्हाई. पन वाडगा बोलला न्हाई ना!"

"मच्छिंद्रा?"

मच्छिंद्र बैलाकडंच बघत राहिला.

छबू म्हणाली, "बाई, तुमी शाळेत म्हनायचा, कारन इचारावं. मी लई इचार केला. पन माझ्या हातातनं का न्हाई वाजला, ते कळंना."

भागिरथीला त्या पोरीची लाज वाटली नाही, स्वतःच्या थकव्याची वाटली. ती घरी जाताना पारावरचं दृश्य मनात पुन्हा पुन्हा बघत गेली. पाटलांना दांडा देताना महाराजांनी दांड्याला काय लावलं होतं? भस्म. पाटलीणबाईंना? भस्मच. आणि छबूला तूप. तिला मनालीच्या बाजारात वाडगे विकणारी एक सुरकुतल्या तोंडाची तिबेटी आजी आठवली. भागिरथीनं तिथं भजी खाल्ल्या हातानं वाडगा घोटायला घेतला होता, आणि दांडा असाच सुळसुळ घसरला होता. आजी खदखदून हसली होती. तिनं दांडा आपल्या लोकरी अंगरख्याला खसाखसा पुसून पुन्हा हातात दिला होता.

सकाळी पार पुन्हा भरला. छबूला मधोमध उभं केलं होतं. महाराजांनी तुपाची वाटी उचलली, आणि भागिरथी गर्दीतून पुढं आली.

"महाराज, आधी मला वाजवू द्या."

"मास्तरीणबाई, हे शिवाचं भिक्षापात्र आहे."

म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून कुणीतरी पुटपुटलं, "वाडगा इटाळंल."

भागिरथीनं ऐकलं. असलं ऐकायची तिला सवय होती, पण सवय झाली म्हणून टोचायचं थांबत नाही. ती म्हणाली, "हा वाडगा तिबेटी लोकांचा. तो ज्यांच्या घरातून आला त्यांचा धर्म आणि माझा धर्म एकच आहे. विटाळायचा असता तर तिकडंच विटाळला असता. पाटील, तुम्ही सांगा, वाजवू का नको?"

गहिनीनाथ पाटील घुटमळले. त्यांची तीन नातवंडं बाईंच्या हाताखाली शिकत होती. "वाजवू द्या की," ते म्हणाले. "वाडगाच सांगंल काय ते."

महाराजांनी हसून दांड्याला तूप चोपडलं. भागिरथीनं तो घेतला आणि घोटला. वाडगा गप्प. गर्दीत कुजबुज झाली. मग तिनं दांडा सगळ्यांसमोर पदरानं पुसला, खाली वाकून मातीत घोळवला, झटकला, आणि काठावर दाबून सावकाश फिरवू लागली. एक फेरा, दुसरा. वाडगा गुणगुणला. मग घुमला. पाणी थडथडा उडू लागलं.

आणि मग जे घडलं त्यानं भागिरथीचा उरलासुरला जीव गळाला. रंगुबाई नावाची म्हातारी धावत आली आणि तिच्या पायांवर कोसळली.

"बाईबी हिमालयात गेल्त्या! बाईंनाबी सिद्धी हाय!"

मागून आणखी दोघी आल्या. एकीनं आजारी पोर पुढं केलं.

"उठा!" भागिरथी ओरडली. "अगं, उठा! सिद्धी नाही, माती लावली. छबू, इकडं ये."

छबू जागची हलेना. भागिरथीनं तिला हाताला धरून आणलं आणि दांडा दिला. छबूनं भीतीनं भराभरा फिरवला. दांडा काठावर खडखडला, आवाज नाही.

"बघा!" महाराज म्हणाले. "बघा!"

गर्दी पुन्हा मागं सरली. छबूचे डोळे भरले. भागिरथी तिच्या कानाशी वाकली. "पहाटे दळतेस ना? जात्याचा खुंटा धरतेस तसा धर. दळतेस तसा फिरव. घाई नको."

छबूनं श्वास घेतला. मनगट सैल झालं. दांडा दाबून, एका चालीत, जात्यासारखा फिरू लागला. आणि वाडगा गायला. महाराजांच्या हातून गायला नव्हता इतका मोठ्यानं, इतका वेळ गायला. पाण्याचे थेंब तिच्या तोंडावर उडाले.

"चांगुणाबाई," भागिरथी म्हणाली, "आता तुम्ही."

चांगुणाबाईंचाही वाजला. रंगुबाईचा वाजला. खडी फोडणाऱ्या बायका पुढं सरकल्या, त्यांच्या हातूनही वाजला. उभा जन्म जातं ओढलेले ते हात. पुरुषांना मात्र जमेना, ते घाई करत. बायका हसू लागल्या. पाटलांच्या हातून दांडा निसटला तेव्हा तर पार दणाणला. बघता बघता देवाचं पात्र नुसतं भांडं झालं.

"आता ऐका," भागिरथी म्हणाली. "आपल्याकडं डवरी गोसावी किंगरी वाजवतो. तारेवरून फिरवायच्या गजाला राळ का लावतो?"

"राळ न्हाई लावली तर गज घसरतू," एकजण म्हणाला.

"तेच इथं. कोरडा दांडा काठाला धरत सुटत जातो, धरत सुटत जातो. त्यानं भांडं थरथरतं. थरथर कानाला लागली की आवाज, पाण्याला लागली की पाणी उडतं. ते उकळत नाही, नाचतं. तूप लावलं की दांडा घसरला, थरथर नाही, आवाज नाही. पाटलांना भस्म, छबूला तूप. कोण निर्मळ आणि कोण शापित, हे वाडगा ठरवत नव्हता. वाटी उचलणारा हात ठरवत होता."

सगळे महाराजांकडं वळले. दोघंतिघं तरणी पोरं बाह्या सारत पुढं झाली. भागिरथी आडवी आली. "हात लावायचा नाही. पाटील, त्यांना कोपरगावच्या गाडीत बसवा, आणि पोलीसपाटलाला बरोबर द्या. पुढच्या गावात हेच नको व्हायला."

महाराज वाडगा फडक्यात बांधत होते. आता त्यांच्या तोंडची हिंदी गेली होती. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, तुमी खरंच गेल्ता तिकडं?"

"गेले होते."

"मी रोहतांगच्या रस्त्यावर खडी फोडली. लई थंडी. बोटं सडली." त्यांनी डाव्या हाताची दोन आखूड बोटं दाखवली. "परत आलो तर कुनी जवळ करंना. भगवी घातली, तर पाया पडाया लागले."

"म्हणून एका पोरीला घराबाहेर काढायचं?"

पोलीसपाटलामागून ते खाली मान घालून निघून गेले. भागिरथीला त्यांची कीव आली, आणि रागही गेला नाही.

गर्दी पांगेना. एकानं विचारलं, "बाई, ह्यो खोटा निघाला. पन हिमालयात खरं कुनीतरी असंलच की?"

भागिरथी पाराच्या पायरीवर बसली.

"हिमालयात माणसं आहेत," ती म्हणाली. "तुमच्याआमच्यासारखी. शेत करतात, देवळात जातात, मठात जातात, आजारी पडतात आणि मरतात. देव माना, बुद्ध माना, मी कुणाचा हात धरत नाही. पण आडाचं पाणी आटलं ते पाऊस पडला नाही म्हणून. आड खोल करावा लागेल, तहसीलदाराकडं टँकर मागावा लागेल, आणि त्यासाठी सगळ्या गावानं मिळून जावं लागेल. ते काम अवघड आहे. एका सुनेला हाकलणं सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच असले बाबा चालतात."

"मग खरा-खोटा वळखायचा कसा?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"हातचं राखून दाखवणाऱ्याला म्हणायचं, माझ्या हातात दे, मला करून बघू दे. आणि कुणाचं तरी लेकरू पापी ठरवल्याशिवाय ज्याचा चमत्कार पुरा होत नाही, त्याला गावात पाणीसुद्धा विचारू नका. उद्या दुसरा येईल. वाडगा नसेल, नारळ असेल, लिंबू असेल. तेव्हा मी इथं असेनच असं नाही. तुम्ही विचारा. का आणि कसं, एवढंच विचारा. त्याला हिमालयात जावं लागत नाही."

लोक हळूहळू उठले. काहींना पटलं, काहींना नाही, आणि रंगुबाईनं जाता जाता चोरून बाईंच्या पायांची धूळ घेतलीच. मच्छिंद्र मात्र गर्दी ओसरेपर्यंत थांबला. मग सगळ्या गावादेखत बायकोजवळ गेला आणि म्हणाला, "चल घरला."

छबूनं पदर खोचला.

"येते," ती म्हणाली. "पन काल तू का बोलला न्हाईस, ते आधी सांग."