पाहुण्याचं व्हायोलिन मांडीवर

या, जवळ सरका. मागं कशाला बसताय? देव काही नुसता पुढच्या रांगेकडे बघत नाही. आज एका संतापाची गोष्ट सांगते. संतापही कधीकधी देवच देतो, बरं का.

माझी धाकटी जाऊ मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. खुर्ची अगदी शेवटची. व्हायोलिन तिच्या वडिलांनी घडवलेलं. एका सिंफनीतल्या संथ भागावर त्यांचा भारी जीव. "पोरी, तो याच्यावर वाजव, मग मी सुटलो," म्हणायचे. ते गेले, हिचे केस पिकले, तेव्हा कुठं ती सिंफनी कार्यक्रमात आली. तीही मध्यंतरानंतर.

आधी पाहुण्या वादकाचं एकट्याचं व्हायोलिन, मागं वाद्यवृंदाची साथ. गडी रंगात आला आणि ताडकन तार तुटली! अशा वेळची रीत ठरलेली: पाहुण्यानं प्रमुख वादकाचं व्हायोलिन घ्यायचं, प्रमुखानं शेजाऱ्याचं, अन् शेजाऱ्यानं तुटकं घेऊन गप्प बसायचं. पण शेजारी पडला प्रमुखाचा मेहुणा. त्यानं आपलं छातीशी कवटाळलं आणि मागं खूण केली. वाजतं संगीत थांबवणार कोण? हातोहात धाकटीचं व्हायोलिन पुढं प्रमुखाकडे गेलं, पाहुण्याचं तुटक्या तारेचं तिच्या मांडीवर आलं.

मध्यंतरात प्रमुखाला त्याचं परत मिळालं. तरी हिचं सोडेना.

"फार गोड वाजतं हो. आज राहू दे. तुम्ही माझं घ्या, महागाचं आहे."

"मला माझं हवंय."

"शेवटच्या खुर्चीवर कुठलं वाजतंय, कुणाला कळतंय?"

धाकटी वळली, खुर्चीत जाऊन बसली आणि पाहुण्याचं व्हायोलिन घट्ट धरलं. "माझं आल्याशिवाय हे हलणार नाही."

मेहुणा धावला. "वहिनी, तमाशा नको."

"वहिनी घरी. इथं मी वादक आहे. आणि तमाशा तुम्ही केलात, रीत मोडून."

पाहुण्याला घाम फुटला. "अहो, द्या की तिचं! माझा जीव अडकलाय तिच्या मांडीवर!"

प्रमुखानं दिलं. हातात नाही, शेजारच्या खुर्चीवर आदळलं.

तो संथ भाग हळवा म्हणतात. मी सभागृहात होते. धाकटी दातओठ खात वाजवत होती, आणि गज मात्र कसा, लोण्यातून फिरावा तसा.

पुढच्या हंगामात तिची खुर्ची गेली. "स्वभाव जुळत नाही" म्हणे! मेहुणा आहे तिथंच. माझ्या अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

हात जोडाल तेव्हा माझ्या जावेची आठवण ठेवा. तिच्यासाठी क्षमा तेवढी मागू नका. तिचं काही चुकलं नव्हतं.