डेप्थ चार्जला ऐकायचंय

अहो, दचकू नका, या जवळ! माझ्या पोटात आता कणभरही स्फोटकं नाहीत. मी डेप्थ चार्ज बोलतोय. दिसायला पिंप, पण जन्म पाणबुड्या बुडवायला झालेला. न्यू जर्सीत एका जुन्या युद्धनौकेचं म्युझियम केलंय, तिच्या मागच्या टोकाला मी असतो.

माझं काम धसमुसळं. समुद्रात लोटलं की ठरलेल्या खोलीवर धडाम्! स्वस्त आणि मस्त. पुढच्या डेकवर धाकटा हेजहॉग आहे. त्याचे चिमुकले बाँब जहाजाच्या पुढे उडतात आणि पाणबुडीला लागले तरच फुटतात, नाहीतर चिडीचूप. मी त्याला घुम्या म्हणतो.

आज पिस्कॅटवेहून देवयानी आली, भारतातून आलेल्या वडिलांना घेऊन. गुरुनाथकाका नौदलात सोनार यंत्रावर होते, म्हणजे पाण्याखालची पाणबुडी कानांनी शोधायची. ते हेजहॉग बघायला गेले, तशी ती फोनवर मैत्रिणीशी कुजबुजली, "रेणू, आज सांगतेच यार. पीएचडी कधीच सोडली, आणि बाबा अजून सगळ्यांना 'आमची डॉक्टर' म्हणतात."

काका परतले ते बोलतच. "देवू, हा टाकायचा तर पाणबुडीच्या डोक्यावर जावं लागायचं, आणि नेमकी तिथेच ती ऐकू येईनाशी व्हायची. वर हा फुटला की पाणी असं ढवळायचं, बराच वेळ कान बंद! हेजहॉग चुकला तरी निदान ऐकू येत राहायचं. आताचे टॉर्पेडो स्वतःच माग काढतात, पण महाग आणि नाजूक."

चारचौघांत माझी अब्रूच काढली!

"बाबा, मी पीएचडी सोडली."

"काय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"जाऊ दे. फरगेट इट." ती वळून चालू लागली. काकांनी हाक मारली, पण तिने ओ दिली नाही.

काकांनी माझ्यावर हात टेकला. "आज हा मीच फोडला," ते पुटपुटले. मग लगबगीने जाऊन त्यांनी तिची बाही धरली. "देवू, चुकलं माझं. आता मी बोलत नाही. तू सांग."

दोघं माझ्याशेजारच्या बाकावर बसलीत. ती बोलतेय, मधेच रडतेय. काका फक्त "बरं, मग?" म्हणतात.

म्युझियमवाल्यांनो, मला रंग द्या, नाहीतर गंजू द्या. पण पुन्हा भरू नका रे बाबांनो. पोरीचं अजून बोलून व्हायचंय.