महानंदाचा रिपोर्ट

सोमवारी सकाळी लॅबमधून फोन आला, तेव्हा झीनतला वाटलं, नेहमीचंच काहीतरी असेल. कुणाला मेसेज पोचला नसेल, कुणाचं आडनाव चुकलं असेल. पण फोनवर खुद्द डॉक्टर चनमल्लप्पा होते. एरवी एका दमात बोलणारा माणूस आज शब्द शोधत होता.

"एक बाई आल्यात. टॉवेलच्या कारखान्यातल्या. तुम्ही स्वतः या."

झीनत होटगी रोडवरच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. कंपनी पाच माणसांची, मालक शिवकुमार हिरेमठ. डॉक्टरांच्या लॅबचं काम त्यांच्याकडं होतं. रक्त-लघवी तपासून झाली की पेशंटच्या फोनवर एक लिंक जायची, ती दाबून नंबर पडताळला की रिपोर्ट समोर. रिपोर्टचं ते पान चार महिन्यांपूर्वी झीनतनं लिहिलं होतं. म्हणजे एआयला सांगितलं होतं आणि त्यानं लिहून दिलं होतं. दोन दिवसांचं काम एका दुपारी झालं म्हणून ऑफिसात तिचं कौतुकही झालं होतं.

लॅबमध्ये आतल्या खोलीत चाळिशीची एक बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. तोंडावर पदर घट्ट धरलेला.

"या महानंदाबाई," डॉक्टर म्हणाले. "सांगा यांना."

महानंदानं झीनतकडं पाहिलं. "माजा रिपोर्ट माज्याआदी केराबाईनं बगितला. मग समद्यांनी."

अडखळत तिनं सगळं सांगितलं, मागाहून तिला कळलेलंही. पंधरवड्यापूर्वी कारखान्यात तपासणीचा कॅम्प झाला होता. बेचाळीस बायकांची तपासणी एकाच दिवशी झाली, त्यामुळं रिपोर्टचे नंबर ओळीनं पडले. शनिवारी सगळ्यांना लिंक आली. केराबाईच्या कॉलेजातल्या लेकीनं आईचा रिपोर्ट उघडला आणि वर दिसणाऱ्या लिंकमधला रिपोर्ट नंबरचा शेवटचा आकडा सहज बदलून बघितला. दुसरीचाच रिपोर्ट उघडला. मग जेवणाच्या सुट्टीत बायका फोनभोवती जमल्या. कुणाची साखर किती, कुणाच्या अंगात रक्त कमी, हसणं-खिदळणं चाललं होतं. अठराव्या नंबरला महानंदाचं नाव आलं. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते.

"माजा फोन साधा हाय, बटणाचा. त्यात काय उगडत न्हाय. मला ठावंच नव्हतं. हात धुऊन आले तर माज्या शेजारच्या दोगी उठून दुसरीकडं बसलेल्या. पाण्याचा गिलास घ्यायला गेले, तर एकजण म्हनली, त्याला हात नगं लावू. मी म्हनलं, का गं? कुणी बोलंना. सांजच्याला घरमालकीण म्हनली, तुमाला क्षय झालाय, लेकराबाळांचं घर हाय, दुसरीकडं बगा. म्हंजे तिलाबी कळलेलं की वो. मलाच तेवडं न्हाय."

झीनतनं स्वतःचा फोन काढला. कंपनीच्या चाचणीसाठी ठेवलेला एक रिपोर्ट उघडला, लिंकमधला आकडा एकानं वाढवला. कुण्या अनोळखी माणसाचं नाव, वय, रक्तगट, सगळं समोर आलं.

"डॉक्टर, हे पान आधी बंद करते. आत्ताच," ती म्हणाली. तिथूनच ऑफिसला फोन लावून तिनं ते बंद करवलं. पेशंटना दोन दिवस लॅबमध्ये येऊन कागद न्यावा लागेल, असं डॉक्टरांनी बाहेर लिहून लावलं.

ऑफिसात येऊन तिनं ते पान उघडलं. जेमतेम तीस ओळी. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या सावकाश वाचत होती. माणसानं फोन नंबर पडताळलाय का, एवढं त्या ओळी बघत होत्या. मागितलेला रिपोर्ट त्याच माणसाचा आहे का, हे कुठंच विचारलेलं नव्हतं. मग तिनं एआयशी झालेलं तिचं जुनं बोलणं काढलं. तिनं लिहिलं होतं, 'रिपोर्ट नंबर दिला की रिपोर्ट दाखवणारं पान लिही.' त्यानं तेच लिहिलं होतं. ती आणखी खाली गेली. नमुना म्हणून तिनं तीन खऱ्या पेशंटची नावं आणि रिपोर्ट जसेच्या तसे तिथं चिकटवले होते.

शिवकुमार तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते.

"दुरुस्त करायला किती वेळ?"

"एक ओळ आहे, सर."

"मग करून टाक. डॉक्टरांना सांगू, एआयची चूक होती. खोटं थोडंच आहे?"

झीनतनं मान वळवली नाही. "सर, एआयला जाब कोण विचारणार? पाठवणारी म्हणून इथं माझं नाव आहे. तपासणारे म्हणून तुमचं."

पडद्यावर दोन्ही वेळा दिसत होत्या. तिनं काम पाठवलं तीन बेचाळीसला. शिवकुमारांनी मंजूर केलं तीन त्रेचाळीसला.

शिवकुमारांनी ते आकडे वाचले. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. "मी वाचलंच नव्हतं," ते म्हणाले. "चालतंय म्हटल्यावर वाचलंच नाही."

त्या दिवशी दोघांनी चार महिन्यांच्या सगळ्या नोंदी चाळल्या. कुणी कुणाचा रिपोर्ट उघडला, ते एकेक करून काढलं. कॅम्पच्या त्या शनिवारखेरीज तसं कुणी केलेलं दिसलं नाही. संध्याकाळी शिवकुमारांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं. काय झालं, कुणामुळं झालं, कुणाचे रिपोर्ट उघडे पडले, ते तीन पेशंट कोण, सगळं. एआयचं नाव त्यात होतं, पण आधी त्या दोघांची होती.

मंगळवारी झीनत डॉक्टरांबरोबर शेळगीला महानंदाच्या घरी गेली. महानंदाची खोली दहा बाय दहाची. भांडी गोणीत भरून झाली होती. तिचा भाऊ केम गावाहून तिला न्यायला येणार होता. डॉक्टरांनी दाराशीच बसून औषधांचं समजावलं. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतील, सहा महिने एक दिवस चुकवायचा नाही, नियमानं घेतल्या तर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती जवळपास राहत नाही. महानंदा मान हलवत होती.

मग झीनत म्हणाली, "बाई, ते पान माझं होतं. तुमची माफी मागायला आले."

"तू लिवलंस?"

"यंत्राकडनं लिहून घेतलं. आणि न वाचता पुढं दिलं."

महानंदा जराशी पुढं सरकली, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. "वाचता येतं की तुला?"

"येतं."

"मग?"

घाई होती म्हणावं, तर कसली घाई होती तेही झीनतला आठवत नव्हतं. महानंदानं गोणीचं तोंड दोरीनं आवळायला घेतलं. "मला शाळा मिळाली न्हाय," ती म्हणाली. "मला कागद दिला की मी चार जनांकडनं वाचून घेते, मग अंगठा देते." रागावून म्हणाली असती तर झीनतला सोपं गेलं असतं. ती नुसतं सांगत होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि झीनतनंही पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरांनी कारखान्यात जाऊन सगळ्या बायकांना एकत्र बसवलं, क्षय कसा होतो, कसा बरा होतो ते सांगितलं. सगळ्यांची पुन्हा तपासणी केली. केराबाई रडली म्हणे. पण महानंदा तोवर केमला गेली होती.

ऑफिसात पुढचे तीन आठवडे नवं काम बंद राहिलं. एआयनं लिहिलेलं एकेक पान दोघादोघांनी बसून वाचलं. तशीच आणखी तीन भगदाडं सापडली. आता प्रत्येक कामाच्या शेवटी झीनत दोन फोन घेऊन बसायची, एक स्वतःच्या नावाचा, एक परक्याचा, आणि परक्याच्या फोनवरून आपलं काही दिसतं का ते बघायची. दिसलं नाही तरच काम पुढं जायचं. एआयला द्यायच्या नमुन्यांत खऱ्या माणसाचं नाव येणार नाही, हे शिवकुमारांनी पक्कं केलं. ते स्वतः ओळ न् ओळ वाचायला लागले आणि मधेच विचारायचे, "हे कशाला?" उत्तर देता आलं नाही तर ती ओळ पुढं जात नसे, मग ती कुणीही लिहिलेली असो.

एआय वापरायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. एकदा त्यानं एक तयार पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून इंटरनेटवर ठेवलेला कोड, घ्यायला सुचवलं. झीनतनं शोधलं तर नावाजलेल्या पॅकेजच्या नावाशी एका अक्षराचा फरक, आणि ते इंटरनेटवर टाकून जेमतेम आठ दिवस झालेले. कुणी टाकलं, पत्ता नाही. अशा नकली नावाखाली कुणी घातक कोडही ठेवतं. पूर्वी तिनं ते डोळे झाकून घेतलं असतं. आता तिनं एआयला बाजूला सारलं, शिवकुमारांना बोलावलं, आणि दोघांनी ते काम हातानं लिहिलं. त्यात दिवस मोडला. काम हळू होतं म्हणून एक गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं.

सहा महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, झीनत काही कामानं लॅबमध्ये गेली होती, तर बाकावर महानंदा. तोंडावर पदर नव्हता. चेहरा भरला होता. शेवटच्या तपासणीसाठी ती सकाळच्या गाडीनं केमहून आली होती.

काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं विचारलं, "मोबाईल नंबर सांगा."

"फोनवर नगं," महानंदा म्हणाली. "कागद द्या. माज्या हातात."

मुलगी गोंधळली. नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. झीनत काउंटरच्या आत गेली, बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं की रिपोर्ट कसा हवा हे पेशंटला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिनंही नाही, डॉक्टरांनीही नाही.

"आज वहीत लिहून घ्या," ती मुलीला म्हणाली. "मी हे बदलून देते."

दुपारी डॉक्टरांनी महानंदाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. जंतू नव्हते. तिनं तो कागद पिशवीत खाली, कपड्यांच्या आत सरकवला.

"कारखान्यात परत जाणार का?" झीनतनं विचारलं.

"न्हाय. केराबाई दोनदा येऊन गेली बोलवायला. पण नगं." ती चप्पल घालत म्हणाली. "मला बगून त्यास्नी जे आटवंल, ते काय गोळीनं जातंय व्हय?"

ती स्टेशनची रिक्षा बघायला निघाली. झीनत आत जाऊन डॉक्टरांसमोर बसली. रिपोर्ट कागदावर की फोनवर, की आधी डॉक्टरांनी समोर बसवून सांगायचा, हे प्रत्येकाला कसं विचारायचं, ते त्या दोघांना आता ठरवायचं होतं.